वर्गात पाहायचं काय, लिहायचं काय?

या वेळच्या टपालात रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून आलेली बरीच पत्रं वर्गनिरीक्षणाबद्दलची, म्हणजे मुलांकडे पाहून नोंदी ठेवण्याबद्दलची आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांब पत्रं आटोपशीर करून दिली आहेत.

आमची द्विशिक्षकी शाळा. माझ्याकडे पहिली-दुसरी मिळून नऊ मुलं. शिकवणं, पोषण आहार, ऑनलाइन माहिती भरणं यातून निरीक्षणाला वेळ कधी काढू? शेवटी वर्णनात्मक नोंदी सत्र संपताना एका बैठकीत लिहिते आणि सगळ्या सारख्याच होतात.
– शिक्षिका, गुहागर तालुका

ताई, नऊचा पट इथे तुमच्या पथ्यावरच पडणारा आहे. रोज दोन मुलं ठरवा. आठवड्यात प्रत्येकाची पाळी येते, आणि गैरहजर राहिलेल्यांसाठी शनिवारची सकाळ उरते. एका मुलाला तीन ते पाच मिनिटं पुरतात. ती मिळतात कधी? तुम्ही पहिलीला शिकवत असता तेव्हा दुसरी स्वतःचं काम करत असते. पहिलीला एखादं काम लावून दिलंत की लगेच दुसऱ्या गटाकडे जायची घाई करू नका. तिथेच खाली बसा आणि त्या दिवशीच्या मुलाकडे पाहा.

वही नको. कोऱ्या कागदाचे चार तुकडे करा आणि एका मुलाला एक तुकडा द्या. वर तारीख, वेळ, जागा, शेजारी कोण. खाली तुटक शब्दांत दिसलेलं आणि ऐकू आलेलं. शाळा सुटायच्या आत त्याची चार-पाच पूर्ण वाक्यं करून टाका. दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर मधल्या रिकाम्या जागा मन स्वतःच भरून टाकतं, आणि तेही त्या मुलाबद्दल आपलं आधीपासून जे मत असतं त्याप्रमाणे.

'गणितात कच्चा आहे, लक्ष देत नाही' हा शेरा झाला. त्याच मुलाची नोंद अशी असू शकते ('रु.' हे शेजारच्या मुलीच्या नावाचं आद्याक्षर):

'सकाळी ११.२०. सतरंजीवर, शेजारी रु. काजूच्या २३ बिया मोजतोय. बिया पसरलेल्या, जागच्या जागी बोट ठेवून मोजणी. १२ पर्यंत बरोबर. १३ म्हणताना बोट दोन बियांवरून गेलं. १९ ला थांबला, रु.कडे पाहिलं, ती "वीस" म्हणाली, मग पुढे गेला. उत्तर २२. "पुन्हा बघ" म्हटल्यावर एकेक बी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवत मोजलं. उत्तर २३.'

आता या नोंदीतून उद्याचं काम आपोआप निघतं. आकड्यांचा क्रम त्याला येतो, अडतो तो दशक बदलताना. एका बीला एक आकडा हे नातं बी जागेवर असली की निसटतं, हलवली की टिकतं. म्हणजे त्याच्याकडून पुन्हा शंभरपर्यंत पाठांतर करून घेण्यात अर्थ नाही. फरशीवर खडूने रेघ ओढा, बी रेघेपलीकडे सरकवत मोजू दे, आणि १९-२०, २९-३० या सांध्यांवर रोज थोडा खेळ घ्या. अठ्ठावीसनंतर 'नव्वीस' म्हणणारं मूल भेटलं तर तेही जसंच्या तसं टिपा. ते मूल आकड्यांच्या नावांतली पद्धत शोधतंय. 'एकोणतीस' त्या पद्धतीत बसत नाही, त्याला ते बिचारं काय करणार?

नोंदीतून काही शब्द काढूनच टाका: हुशार, आळशी, लाजाळू, नेहमी, कधीच, मुद्दाम. 'मुद्दाम' दिसत नसतं, ढकललेलं दिसतं. स्वतःचा अंदाज लिहावासा वाटला तर मागच्या बाजूला लिहा, म्हणजे पुढची बाजू स्वच्छ राहील. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन (वर्षभर, सगळ्या अंगांनी मुलांना पाहण्याची पद्धत) आलं आणि त्यापाठोपाठ तयार नोंदींची पुस्तकंही आली. 'उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो' हे वाक्य कुणाच्याही नावापुढे चिकटतं आणि त्यातून काही कळत नाही. सत्राअखेर हे आठ-दहा तुकडे समोर असतील, तर नोंदवहीतलं वाक्य पुस्तकातून शोधावं लागणार नाही.

डी.एल.एड.ला (शिक्षक होण्याच्या पदविकेला) आहे. आंतरवासितेत (शाळेतल्या सरावात) 'वर्गनिरीक्षण करा' एवढंच सांगितलं आहे. पूर्ण तास मागे बसून लिहीत राहते आणि शेवटी हाती काही लागत नाही. नेमकं कसं करायचं?
– छात्राध्यापिका, रत्नागिरी

आधी एक प्रश्न ठरवा. 'वर्गात काय चाललंय' हा प्रश्न पाहता येत नाही. 'गटकाम दिल्यावर मुलं कामाबद्दल एकमेकांशी बोलतात का' हा पाहता येतो.

असा, 'किती वेळा?' मोजता येणारा प्रश्न असेल तेव्हा वेळेचे ठोके धरून पाहायचं. सहा मुलं निवडा आणि त्यांची नावं उभी लिहा. पहिल्या मुलाकडे दहा सेकंद पाहा, पुढच्या दहा सेकंदांत नोंद करा, मग दुसरं मूल. सहा मुलांची एक फेरी दोन मिनिटांत होते. वीस मिनिटांत दहा फेऱ्या, म्हणजे साठ खुणा. खुणा पाचच ठेवा: 'क' हातानं काम चालू, 'ब' कामाचं बोलणं, 'इ' इतर बोलणं, 'श' नजर शिक्षकाकडे, 'व' वेगळं काही. सात-आठ खुणा केल्या की कुठली लावू या विचारातच दहा सेकंद जातात.

चुका बहुतेक दोन ठिकाणी होतात. पहिली: दहाव्या सेकंदाला जे चालू आहे ते टिपायचं असतं, पण आपण त्या दहा सेकंदांतलं लक्षात राहण्यासारखं टिपतो. मूल नऊ सेकंद लिहीत होतं आणि मध्येच शेजाऱ्याला कोपर मारलं, की हात 'इ' लिहून मोकळा. असं दहा फेऱ्या झालं की ते मूल कागदावर भलतंच दंगेखोर दिसतं. दुसरी: 'लक्ष नाही' ही खूण करणं. दिसते ती खिडकीबाहेर गेलेली नजर. मूल मनात सातचा पाढा म्हणत असेल तर?

एका तासात एका मुलाच्या वाट्याला दहाच खुणा येतात, तेवढ्यावर त्याच्याबद्दल काही ठरवू नका. किमान तीन वेगळे दिवस आणि दोन वेगळे विषय तरी हवेत. सतरंजीवर पेंगणारं मूल परिसर अभ्यासाच्या तासाला शिंपले हातात घेऊन बडबडताना सापडतं.

भांडण, मदत, कुणी कुणाला समजावून सांगणं या क्वचित आणि झटक्यात घडणाऱ्या गोष्टी ठोक्यांच्या जाळ्यातून निसटतात. त्यासाठी दुसरी रीत: घटना घडेल तेव्हाच लिहायचं. तीन रकाने पाडा – आधी काय चालू होतं, काय घडलं, लगेच नंतर काय झालं – आणि कडेला किती वेळ टिकलं ते. पहिला रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात, कारण आपली मान वळते तीच आवाज झाल्यावर. आठ-दहा घटना जमल्या की तोच रकाना सगळ्यात जास्त बोलतो. ढकलाढकली दर वेळी पाट्या वाटतानाच होते, हे त्यातूनच कळतं.

मैत्रिणीला बरोबर घेऊन एकदा तरी तीच मुलं एकाच वेळी, एकमेकींचा कागद न पाहता, टिपा. साठपैकी एक्कावन्न खुणा जुळल्या तर जुळणी ८५ टक्के. ८० च्या खाली आली तर खुणांच्या व्याख्या सैल आहेत असं समजा, भांडू नका. आणि वर्गात सगळीकडे 'क'च असेल तर ९५ टक्के जुळणीचंही फार कौतुक नको, डोळे मिटून 'क' लिहिलं तरी ती तेवढीच आली असती.

बसायचं कुठे? मागे बसलात तर फक्त डोकी दिसतात आणि पुढे बसलात तर मुलं तुमच्याकडे पाहतात. बाजूच्या भिंतीला टेकून, मुलांच्या उंचीवर बसा. पहिले दोन दिवस नुसतं बसा, त्या दिवसांच्या नोंदी हिशेबात धरू नका. 'बाई, काय लिवताव?' असं विचारायला कुणीतरी येणारच. 'तुम्ही कसं शिकता ते' असं खरं सांगा, कागद दाखवा. दोन मिनिटांत त्यांची उत्सुकता संपते.

पावसाचं लक्षात ठेवा. जुलैत पत्र्यावर सर आली की तीन फुटांवरचं बोलणं ऐकू येत नाही. मग बोलण्याच्या खुणा बंद करा, फक्त हालचाली टिपा आणि कागदावर 'जोराचा पाऊस' लिहा. गणपतीच्या किंवा शिमग्याच्या सुट्टीनंतरचे पहिले दोन-तीन दिवसही तुलनेला घेऊ नका. घरी चाकरमानी आलेले असतात, जागरणं झालेली असतात, पट अर्धा असतो.

अंगणवाडीत साडेतीन वर्षांची मुलगी आहे. दोन महिने झाले, खेळायला जात नाही, खांबाला टेकून बघत राहते. आई काळजीत आहे. मुलीत काही कमी आहे का?
– अंगणवाडी सेविका, मालवण तालुका

बघत राहणं हाही खेळाचाच एक प्रकार म्हणून नोंदवलेला आहे. अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाचे सहा प्रकार मांडले: नुसतं रेंगाळणं, दुसऱ्यांचा खेळ बघणं, एकट्याने खेळणं, शेजारी बसून पण आपापलं खेळणं, एकमेकांत मिसळून खेळणं आणि ठरवून मिळून खेळणं. या पायऱ्या नाहीत. मिळून खेळणारं मूलही दुसऱ्या दिवशी एकटं भातुकली मांडतं. साडेतीनाव्या वर्षी शेजारी-शेजारी आपापलं खेळणं अगदी रोजचं आहे.

तेव्हा 'खेळत नाही' हे बाजूला ठेवा आणि ती बघते कसं ते पाहा. किती अंतरावरून? कुणाकडे? गाणं चालू असताना ओठ हलतात का? सगळी घरी गेल्यावर, किंवा घरी आईसमोर, तोच खेळ ती एकटी करते का? हा शेवटचा प्रश्न आईला नक्की विचारा. दोन आठवड्यांत पाच-पाच मिनिटांच्या दहा नोंदी करा, पण वेगवेगळ्या वेळी: मोकळा खेळ, गाणी, खाऊ, घरी जायची वेळ. पहिल्या आठवड्यात ती खांबाशी आणि दुसऱ्यात वाळूच्या ढिगाच्या कडेला असेल, तर ती तिच्या गतीने आत येते आहे. हाताला धरून मध्ये बसवलंत की बहुतेक वेळा ती पुन्हा खांबाशी जाते. तिच्याजवळ बसून तुम्ही स्वतःच करवंटीत वाळू भरू लागा, एक करवंटी तिच्या बाजूला ठेवा आणि बोलावू नका.

भाषाही बघा. घरी मालवणी आणि अंगणवाडीत पुस्तकी मराठी असेल तर तुम्ही मालवणीतच बोला. नोंदही तिच्याच शब्दांत करा. तिने 'तुका धा गावल्यो, माका नवच' म्हटलं आणि तुम्ही 'वस्तूंची तुलना करते' एवढंच लिहिलंत, तर तिच्या वाक्यातला हिशेब आणि गाऱ्हाणं दोन्ही गेलं.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नका: कान. पाऊस नसताना, तिला दिसणार नाही असं मागे उभं राहून, हळू आवाजात नाव घ्या. तीन वेगळ्या दिवशी करून बघा. कान वाहण्याची तक्रार कधी होती का ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांना या नोंदी दाखवा. नावाला प्रतिसादच नसेल, काही दाखवायला बोट करत नसेल किंवा आधी येणारे शब्द बोलेनाशी झाली असेल, तर पथकाची किंवा दोन आठवड्यांचीही वाट न पाहता डॉक्टरांकडे पाठवा.

शाळाभेटीत तपासणी-तक्ता भरतो, पण शिक्षक आणि मुलं यांच्यात खरं काय घडतं ते त्यात येत नाही. दुसरं काही साधन?
– केंद्रप्रमुख, सिंधुदुर्ग

एक कोरा कागद घ्या आणि बसण्याचा नकाशा काढा. प्रत्येक मुलाचा एक चौकोन, आत हजेरी क्रमांक. शिक्षकाने कुणाला प्रश्न विचारला की त्या चौकोनात उभी रेघ, मूल आपणहून बोललं की गोल, सगळ्यांनी मिळून सुरात उत्तर दिलं तर कागदाच्या कडेला फुली. पंचवीस मिनिटांनी चित्र समोर असतं. बहुतेकदा रेघा फळ्यासमोरच्या चार-पाच चौकोनांत दाटलेल्या, खिडकीकडच्या कोपऱ्यात काही नाही आणि कडेला फुल्याच फुल्या. 'समजलं का?' – 'होऽऽ' याला प्रश्न म्हणून मोजू नका.

दुसरी मोजणी थांबण्याची. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांवर केलेलं काम प्रसिद्ध आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबत. तोच वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेला तेव्हा उत्तरं लांबली, अधिक मुलं बोलू लागली, 'माहीत नाही' कमी झालं. थांबायच्या जागा दोन आहेत. प्रश्नानंतरची सगळ्यांना आठवते. मूल बोलून थांबल्यानंतरची कुणालाच आठवत नाही, आणि 'शाबास, बस खाली' ने मुलाचं निम्मं वाक्य घशातच राहतं. सेकंदकाट्याचं घड्याळ मांडीवर ठेवा, दहा प्रश्नांचे दोन्ही वेळ लिहा. पुरे.

वर्गातलं बोलणं मोजण्याची नेड फ्लँडर्स यांची पद्धत तुम्ही प्रशिक्षणात शिकला असाल: दर तीन सेकंदांनी काय चाललंय त्याचा एक आकडा, दहा प्रकार – सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन मुलांच्या, एक शांततेचा किंवा गोंधळाचा. पूर्ण तासाला ती हात मोडते. पाच मिनिटांचा तुकडा घ्या, शंभर आकडे होतात, टक्केवारी काढायचीही गरज नाही. पण ती एका सुरात चालणाऱ्या पाठासाठी आहे. कमी पटाच्या शाळेत दोन इयत्ता दोन कोपऱ्यांत वेगळी कामं करत असतात, तिथे ती फसवते. तिथे नकाशाच बरा.

नकाशा सर्वांत आधी शिक्षकाच्या हातात द्या आणि गप्प बसा. 'हा कोपरा रिकामा राहिला की' हे त्यांनीच म्हणायला हवं. तो कागद शेरेबुकात डकवलात तर पुढच्या भेटीला तुम्हाला पाठ करून बसवलेला पाठ बघायला मिळेल.

आमच्याकडे मुलं वाडीवार बसतात. खिचडी खातानासुद्धा एका वाडीची पोरं एकत्र. हे फोडावं का?
– मुख्याध्यापक, राजापूर तालुका

आधी पाहा. पाच दिवस खिचडीच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसलं तेवढंच लिहा. एकत्र चालत येणारी मुलं एकत्र बसतात, त्यात नवल नाही. पाचही दिवस कडेला तेच एक मूल असेल, किंवा ताट घेऊन एखादं आलं की बाकीची सरकत असतील, तर तो मैत्रीचा प्रश्न उरत नाही. तिथे शाळेने त्याच दिवशी हस्तक्षेप करायचा, नोंदींची संख्या पुरी होण्याची वाट पाहायची नाही.

एरवी प्रत्येकाला एकट्याला बोलावून विचारा: 'गटकामाला कोण दोघं आवडतील?' नावं गोलात लिहा, निवडणाऱ्याकडून निवडलेल्याकडे बाण काढा. याला समाजमिती म्हणतात, मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये ती मांडली. ज्याच्याकडे एकही बाण येत नाही त्याला त्यानेच निवडलेल्या एकाबरोबर गटात घाला. 'कोण आवडत नाही?' हे मात्र कधीच विचारू नका. मधल्या सुट्टीपर्यंत ते गावभर होतं.

मोबाइलवर चित्रीकरण करून सावकाश पाहिलं तर सोपं नाही का जाणार?
– शिक्षक, श्रीवर्धन तालुका

पाहायला सोपं, पण कॅमेरा वर काढला की मुलं कॅमेऱ्यासाठी वागतात, आणि ती फीत पुढे कुठल्या गटावर फिरेल याचा भरवसा नाही. पालकांची लेखी संमती, ठरावीक कोपरा, पाहून झाल्यावर पुसून टाकणं एवढं जमत असेल तरच. उच्चार किंवा वाचन तपासायला नुसता आवाज पुरतो.

चौथीतला मुलगा, मच्छीमार वस्तीतला. पहिले दोन महिने छान होता, आता रोज पेंगतो, काम अर्धवट टाकतो. नोंदी बऱ्याच आहेत, पण त्यांचं करायचं काय ते कळत नाही.
– शिक्षिका, दापोली तालुका

तुकडे जमिनीवर तारखेप्रमाणे मांडा. मग तेच तुकडे वेळेप्रमाणे, मग विषयाप्रमाणे, मग शेजारी कोण त्याप्रमाणे. कुठल्या मांडणीत गठ्ठा पडतो ते बघा. तुम्ही पाठवलेल्या चौदा नोंदींत पेंगण्याचा उल्लेख सात वेळा आहे. त्या सातही ऑगस्टनंतरच्या आणि सातही दुपारच्या खिचडीनंतरच्या आहेत. सकाळच्या नोंदींत तो उतारा वाचतोय, एकदा तर शेजाऱ्याला भागाकार समजावतोय. विषय बदलला तरी हे बदलत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या की घराचं सगळं वेळापत्रक फिरतं. तो माशांच्या लिलावाला जातो का, पहाटे उठतो का, धाकट्यांना सांभाळतो का, हे नोंदीत नाही, विचारावं लागेल. विचारण्याआधी 'घरचे लक्ष देत नाहीत' असं लिहू नका.

मुलं शाळेच्या वेळेत बसत नसतील तर वेळ आणि जागा हलवून बघायची, ही कोकणातलीच रीत आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, आणि त्या कामातूनच अंगणात भरणारी अंगणवाडी आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आली. तुम्हाला एवढं मोठं काही करायचं नाही. भाषा आणि गणिताचं नवं शिकवणं सकाळच्या दोन तासांत घ्या, दुपारी हाताचं काम, मापन, चित्र. दोन आठवडे असं करून पुन्हा सहा नोंदी घ्या, तीन सकाळच्या, तीन दुपारच्या. फरक पडला नाही तर झोप हे कारण नसावं. मग डोळे आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आणि हे पालकसभेत सगळ्यांसमोर काढू नका. आईला वेगळं भेटा, तेही बंदरावरचा लिलाव आटोपून ती घरी आल्यावर. जाताना आधी भागाकार समजावल्याची नोंद न्या.